रविवारची गळती

संस्थेत त्यांना सगळे खोलीवाले म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथून ते सहसा बाहेर पडत नसे. नावानं हाक मारणारा शेवटचा माणूस निवृत्त झाला, तेव्हापासून शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच पाठ: खोलीवाल्यांना विचारा, खोलीवाल्यांना बोलवा, आणि काही बिघडलं तर आधी खोलीवाल्यांना कळू देऊ नका.

खोली म्हणजे काही महाल नव्हता. तळमजल्याच्या टोकाला, जाड पत्र्याच्या भिंतींची. आत एक पलंग, एक टेबल, एक खुर्ची, पडद्याआड संडास, कोपऱ्यात व्यायामाची सायकल आणि भिंतीत एक जाड काच. दार लावलं की चौकटीतली रबरी पट्टी फुगायची आणि जगाचा संबंध संपायचा. एका नळीनं हवा आत जायची, दुसरीनं बाहेर यायची, आणि दोन्ही नळ्यांवर यंत्र डोळ्यांत तेल घालून बसलेलं. जेवण द्यायला भिंतीत दोन झडपांची खिडकी होती. बाहेरची झडप बंद झाल्याशिवाय आतली उघडायची नाही. माणसाला एक दिवस आत ठेवायचं, त्यानं प्राणवायू किती घेतला आणि कार्बन डायऑक्साइड किती सोडला ते मोजायचं. एवढ्यावरून त्याच्या अंगात साखर जळतेय की चरबी, हे कळतं असं सांगितलं की नवखी माणसं हसत. खोलीवाले हसत नसत.

हिशेब तसा सोपा आहे. पाव-भात-साखर खाल्लेला माणूस जेवढा प्राणवायू घेतो, जवळपास तेवढाच कार्बन डायऑक्साइड सोडतो. तोच माणूस उपाशी राहिला की शरीर गुपचूप साठवणीच्या चरबीला हात घालतं. चरबी मोडते, जळते, आणि मग सोडलेला वायू घेतलेल्या वायूच्या पाऊणपटीच्या आसपास येऊन ठेपतो. भिंतीत हात बाहेर काढायला एक भोकही होतं, रबरी बाहीचं. झोपलेल्या माणसाला न उठवता तिथून रक्त काढता येई. चरबी मोडल्यावर तिचा ग्लिसरॉल नावाचा एक तुकडा रक्तात उतरतो, तो वरच्या मजल्यावर मोजत. ते काम वरच्यांचं. खोलीवाल्यांचा मान श्वासाचा.

आणि श्वास काही लपू देत नाही. एकदा एक पैलवानछाप गृहस्थ आले होते. रात्रीपासून पाण्याखेरीज काही घेतलं नाही, अशी त्यांनी छातीवर हात ठेवून ग्वाही दिली. दार लागलं, घटकाभरात सोडलेल्या-घेतलेल्या वायूंच्या भागाकाराचा आकडा चढत चढत थेट एकाला जाऊन भिडला. खोलीवाल्यांनी काचेशी जाऊन नुसतं बघितलं. गृहस्थांनी निमूटपणे उशीखालून बिस्किटांचा पुडा काढला आणि खिडकीत ठेवला. ही गोष्ट खोलीवाले फार रंगवून सांगत. ऐकायला कोणी नसलं तर ती त्यांच्या मनातच होऊन जाई.

घरी ऐकायला कोणी नव्हतं. त्यांची बायको लेकीकडे होती, दुसऱ्या देशात. पहिल्या बाळंतपणाला म्हणून गेली, थोड्या महिन्यांसाठी. मग नातू जरा मोठा होऊ दे म्हणून राहिली, मग लेकीला पुन्हा दिवस गेले. भांडण म्हणाल तर कधी झालं नाही. जाताना ती म्हणाली होती, "चला की तुम्हीपण."

"खोली कोण बघणार?" ते म्हणाले होते.

ती बॅग भरता भरता म्हणाली, "त्या खोलीला तरी एकदा विचारा, तिला तुम्ही हवे आहात का."

एकदा रजा काढून ते जाऊनही आले. पहिल्या आठवड्यात त्यांनी लेकीच्या घरातले सगळे नळ दुरुस्त केले. दुसऱ्या आठवड्यात दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही. जावई चांगला होता, पण त्याला यांच्याशी काय बोलावं कळेना आणि यांना त्याच्याशी. सगळे सकाळी घाईत, संध्याकाळी दमलेले. ते बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर झोपत, आणि त्यांच्यामुळे घराला सकाळी दिवा लावायची चोरी झाली होती. परत आल्यावर ते सगळ्यांना सांगत की छान चाललंय तिकडे. खोटं नव्हतं ते.

रोज संध्याकाळी बायकोचा फोन येई. पहिलं वाक्य ठरलेलं.

"अहो, जेवलात का?"

"जेवलो."

"काय केलंत?"

"केलं काहीतरी."

मग नातवाचे दात, लेकीची पाठदुखी, तिथली थंडी. फोन ठेवला की घर पुन्हा पहिल्यासारखं. तिच्या फोनची वाट ते दुपारपासून बघत, आणि फोन आला की लवकर संपवत. असं का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

कामाच्या दिवशी पोटाचा प्रश्न नव्हता. संस्थेत एक स्वयंपाकघर होतं. आत ठेवलेल्या माणसांचं जेवण तिथं वजन करून बनायचं आणि उरलेल्यात नोकरमाणसं जेवायची. ते चालवणारी बाई वाटाण्याचा दाणाही तोलल्याशिवाय ताटात पडू देत नसे, म्हणून तिचं नाव काटेवाली. जीभ मात्र तिनं कधी तोलली नाही. दर सोमवारी खोलीवाले पहिल्या घासापासून मान खाली घालून जेवत, तेव्हा ती हटकून म्हणायची, "खोलीवाले, ताट तेवढं सोडा हो. धुवायचंय मला."

ते हसत. शनिवारी दुपारी स्वयंपाकघर बंद झालं की ते थेट सोमवारीच उघडे. मधल्या वेळात खोलीवाले काय खातात, हे कोणी विचारलं नाही. खरं सांगायचं तर काही खात नसत. पैशांची अडचण नव्हती, व्रतवैकल्याचा स्वभाव नव्हता. एकट्यासाठी गॅस पेटवायचा, एक माणूस जेवेल एवढं करायचं, एकट्यानं टेबलाशी बसायचं आणि मग एकच ताट धुवायचं, याचा त्यांना आधी कंटाळा आला, मग धसका बसला. सुरुवातीला बिस्किटांवर भागवत. नंतर तीही आणायची राहून गेली. भूक दोनदा हाक मारते आणि नाद सोडते, असं त्यांच्या ध्यानात आलं. माणूस जेवायला दुसऱ्या माणसाला बसवतो तो काही शिष्टाचार म्हणून नव्हे. पण हे त्यांना सांगणार कोण.

रविवार भलता लांब असे. असाच एक रविवार त्यांनी खोलीची एक झडप दुरुस्त करायची म्हणून संस्थेत काढला. झडप बसवली, दार लावून घेतलं, आणि कुठे हवा सुटते का ते ऐकायला पलंगावर आडवे झाले. पंख्याची घरघर होती, नळ्यांमधून हवा जात होती. ऐकता ऐकता त्यांना झोप लागली. इतकी गाढ झोप त्यांना कित्येक महिन्यांत लागली नव्हती. जागे झाले तेव्हा कोणीतरी शेजारी बसून होतं आणि नुकतंच उठून गेलं, असं त्यांना वाटलं.

त्यानंतर ते दर रविवारी जाऊ लागले. सकाळी उन्हं वर आली की जायचं, दुपार कलली की निघायचं. पहारेकऱ्याला वाटे, किती निष्ठेचा माणूस. दाराला लाल अक्षरांची पाटी होती: 'बाहेर माणूस असल्याशिवाय आत जाऊ नये.' अक्षर खोलीवाल्यांचंच. पाटीकडे न बघता ते आत शिरत. यंत्राचा पडदा मात्र आठवणीनं बंद करत. जुन्या यंत्राला कागदाची पट्टी होती, पट्टी थांबवली की ते आंधळं व्हायचं. नवीन यंत्र येऊन फार दिवस झाले नव्हते. पडदा विझवला की तेही झोपतं, असं ते धरून चालले. नळी, रबर, झडप, पेच यांतलं त्यांना काय कळत नव्हतं? पण पडद्यामागचं जग त्यांचं नव्हतं, आणि कुणाला विचारायचं तर रविवारचं कारण सांगावं लागलं असतं.

यंत्र अर्थातच झोपत नव्हतं.

एका सोमवारी मॅडमनी त्यांना वर बोलावलं. मॅडम म्हणजे खोलीत चाललेल्या अभ्यासाच्या प्रमुख. उपाशी माणसाची चरबी कोणत्या वयात किती वेगानं मोडते, हे त्या शोधत होत्या आणि त्यांचं सगळं काम या एका खोलीवर उभं होतं. वयानं खोलीवाल्यांच्या लेकीएवढ्या. त्यांना काका म्हणणाऱ्या संस्थेतल्या त्या एकट्याच.

"काका, आपली खोली गळतेय," त्या म्हणाल्या. आवाज बसलेला होता.

"शक्य नाही," खोलीवाले म्हणाले. हे उत्तर त्यांच्या जिभेवर तयारच असे.

मॅडमनी पडदा त्यांच्याकडे वळवला. "हे बघा. आठवडाभर कोणी आत नसतं तेव्हा रेघ सपाट. आणि रविवारी सकाळी ही वर चढते, तिथंच राहते, दुपारनंतर उतरते. दर रविवारी. रिकाम्या खोलीत कार्बन डायऑक्साइड येतो कुठून?"

खोलीवाल्यांनी रेघेकडे बघितलं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या रेघा वाचल्या होत्या. ही चढली कुठे, मध्ये जरा खाली बसली कुठे, ती डुलकी होती, आणि मग ते कुशीवर वळले असणार तो बारका उंचवटा. स्वतःचा श्वास त्यांनी ओळखला. कोणीतरी आपल्याला उघडं बघितलं, अशी त्यांना लाज वाटली.

"संचालकांनीही बघितलंय," मॅडम म्हणाल्या. "त्यांचं म्हणणं, तळघरातल्या बॉयलरचा धूर फटीतून आत येतो. तसं असेल तर माझे सगळे आकडे कचऱ्यात. खोलीही काढून टाकणार. शुक्रवारी बैठक आहे."

तेव्हाच बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण खोलीवाले म्हणाले, "दिव्याची चाचणी करून बघू," आणि खाली निघून आले.

दिव्याची चाचणी ही खोलीची परीक्षा. रिकाम्या खोलीत मोजून स्पिरिट भरलेला दिवा पेटवायचा आणि दार लावायचं. अमुक इतकं स्पिरिट जळलं तर किती प्राणवायू खर्च व्हावा, किती कार्बन डायऑक्साइड निघावा, हे आधीच माहीत असतं. यंत्रानं तोच आकडा दिला तर खोली पक्की. खोलीवाल्यांनी दिवा टेबलावर ठेवला, पेटवला, बाहेर येऊन काचेशी उभे राहिले. निळी ज्योत एकटीच जळत होती. पडद्यावर तिची रेघ चढू लागली. त्यांच्या मनात आलं, यंत्राला काय, दिवा असो की माणूस.

आकडे अचूक आले. मॅडमचा जीव भांड्यात पडला, पण तो तिथं फार वेळ टिकला नाही. संचालक म्हणाले, "हे तर आणखी वाईट. कधी गळते आणि कधी गळत नाही, अशा खोलीवर विश्वास ठेवायचा कसा?"

त्या संध्याकाळी मॅडम खाली आल्या. पडद्यावर रविवारच्या रेघा उघडून कितीतरी वेळ बसून राहिल्या. खोलीवाले पाने-पेचकस जागच्या जागी लावत होते, म्हणजे आधीच लावलेले पुन्हा लावत होते.

"काका, रविवारी चावी कुणाकडे असते?"

"माझ्याकडे."

"आणखी कुणाकडे?"

"नाही."

मॅडम उठल्या. जाताना दारातली लाल पाटी त्यांनी वाचली, आणि तिच्यावरची धूळ बोटानं पुसली.

शुक्रवारपर्यंत खोलीवाल्यांच्या जिवाला चैन नव्हतं. बोललो तर नियम मोडल्याची कबुली, आणि त्याहून वाईट म्हणजे 'का?' हा प्रश्न. का जात होतो, याचं उत्तर चारचौघांत देण्यासारखं नव्हतं. एकट्यानं बसवत नाही म्हणून एकटाच जाऊन पत्र्याच्या खोलीत पडून राहत होतो, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? न बोललो तर खोली जाणार, मॅडमची कित्येक वर्षांची मेहनत जाणार, आणि तीही बॉयलरच्या नावावर. शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला. साफसफाईला गेलो होतो म्हणायचं. नियम मोडल्याचं पाप तेवढं पदरात घ्यायचं, बाकी झाकून ठेवायचं. भल्या माणसांना असा अर्धा खरेपणा फार आवडतो.

बैठकीला माणसं थोडीच होती. संचालक, मॅडम, हिशेबाची बाई, स्वयंपाकघराच्या वतीनं काटेवाली, आणि दाराजवळच्या खुर्चीवर खोलीवाले. संचालक काही दुष्ट माणूस नव्हते. त्यांना जागा हवी होती, आणि खोलीऐवजी डोक्यावर ठेवायचं पारदर्शक झाकण घ्यायचं त्यांच्या मनात होतं; अर्ध्या तासात काम उरकतं.

"मुद्दा एवढाच," ते म्हणाले, "की रविवारी आत येणारा वायू कुठला. मी आकडा काढलाय. सोडलेला भागिले घेतलेला, पाऊण. थोडा कमीच. तेल जळलं की असाच आकडा येतो. आपला बॉयलर तेलावर चालतो. म्हणजे विषय संपला."

"माणसाचाही असा आकडा येतो," मॅडम म्हणाल्या. त्या टेबलाकडे बघत होत्या. "चरबी म्हणजे तेलच. पण त्या माणसानं आदल्या दिवसापासून काही खाल्लेलं नसलं पाहिजे."

"रिकाम्या खोलीत उपाशी माणूस कुठून येणार?" संचालक म्हणाले. हिशेबाच्या बाई हसल्या.

खोलीवाले उभे राहिले. "मीच होतो आत," ते म्हणाले. "रविवारी. साफसफाईला जातो कधीकधी."

बैठकीत चुळबुळ झाली. संचालकांनी चष्मा काढला. "एकटे? पाटी तुमचीच आहे ना दारावर?"

"माझीच."

"ते नंतर बघू. बरं, जेवून गेला होतात?"

"जेवलो होतो," खोलीवाले म्हणाले.

शब्द तोंडातून निघाला तेव्हा आपण काय बोललो हे त्यांचं त्यांना कळलंच नाही. हा शब्द रोज संध्याकाळी बाहेर पडून पडून इतका गुळगुळीत झाला होता की तो आपोआप सुटायचा.

"मग झालं तर," संचालक म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरोखरच सुटकेचा भाव होता. "जेवलेल्या माणसाचा आकडा पाऊण येत नाही. तुम्ही आत असाल, पण हा वायू तुमच्या एकट्याचा नाही. धूर येतोच आहे. आणि तुम्ही त्या धुरात एकटे बसत होतात, हे नशीब समजा."

हिशेबाच्या बाई लिहू लागल्या. मॅडमनी डोळे मिटले. खोलीवाल्यांना समोर सगळं दिसत होतं: रबरी पट्टी ओढून काढलेली, पत्रे भिंतीला टेकवून ठेवलेले, काच कुठेतरी अडगळीत. त्यांची खोली धुराची म्हणून मरणार होती. तिचा एक पेचही कधी ढिला पडला नव्हता.

"नाही," ते म्हणाले.

"काय नाही?"

"जेवलो नव्हतो."

खोलीवाल्यांनी खुर्चीची पाठ धरली. "शनिवारी दुपारी इथं जेवतो, ते सोमवारीच. मधे काही खात नाही. आणि साफसफाई नाही करत. पडून असतो पलंगावर. ती रेघ पडलेल्या माणसाची आहे, मॅडमना कळलंय ते. यात बॉयलर नाही. खोलीला काही झालेलं नाही."

"या रविवारी?" संचालकांनी विचारलं.

"दर रविवारी."

"पण का?"

खोलीवाल्यांनी उत्तर शोधलं. बिस्किटं लपवणाऱ्या त्या गृहस्थांचा चेहरा त्यांना एकदम आठवला, आणि ती गोष्ट आपण इतकी वर्षं रंगवून सांगितली याचं वाईट वाटलं.

"घरी कोणी नसतं," ते म्हणाले.

मॅडम कागदावर भराभर आकडे मांडत होत्या. खोलीवाल्यांचं वय, वजन, शेवटचं जेवण कधी. मांडून झाल्यावर त्यांनी कागद संचालकांकडे सरकवला. आकडा आणि रेघ तंतोतंत जुळत होती. संचालकांनी ते दोनदा तपासलं, चष्मा लावला, पुन्हा काढला. काटेवाली मात्र कागदाकडे बघत नव्हती. ती खोलीवाल्यांकडे बघत होती आणि सोमवारची तिची थट्टा आता तिलाच बोचत होती.

खोली राहिली. खोलीवाल्यांची चावी मात्र गेली. नियम तो नियम. आता ती पहारेकऱ्याच्या पेटीत राहणार आणि रविवारी कोणालाच मिळणार नव्हती. संचालक हे सांगताना त्यांच्याकडे न बघता बोलले. वर एक समज देणारा कागदही दिला, त्यावर त्यांचं खरं नाव होतं. जिन्यात मॅडमनी त्यांना गाठलं. "काका," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्याबरोबर दोन पायऱ्या उतरल्या. "थँक यू," एवढंच म्हणाल्या. शनिवारी दुपारी निघताना काटेवालीनं त्यांच्या हातात कागदात गुंडाळलेली अंडी ठेवली.

"वजन करून दिलीत," ती म्हणाली. "सोमवारी हिशेब घेईन."

रविवार आला. सवयीनं त्यांनी बूट घातले, खिशात हात घातला, आणि किल्ल्यांचा जुडगा हलका लागला तसे खुर्चीत बसले. बूट तसेच पायात. घरात घड्याळ आणि फ्रिज सोडून कशाचा आवाज नव्हता. तिथं खोलीत कोणी नसेल, रेघ सपाट असेल, हे बरं झालं की वाईट, त्यांना ठरवता येईना. दुपार झाली, ऊन भिंतीवरून जमिनीवर आलं आणि गेलं. त्यांना फार एकटं वाटलं. आजवर ते याला कंटाळा म्हणत आले होते.

संध्याकाळी फोन वाजला.

"अहो, जेवलात का?"

तो गुळगुळीत शब्द ओठांवर आला होता. त्यांनी तो धरून ठेवला.

"नाही," ते म्हणाले.

"म्हणजे? बरं नाही का?"

"बरा आहे. जेवलो नाही, एवढंच."

"सकाळपासून?"

"काल दुपारी जेवलो."

पलीकडे नातू काहीतरी मागत होता. तिनं त्याला कुणाकडे तरी दिल्याचं ऐकू आलं, मग दार लावल्याचं.

"घरात काय आहे?" तिनं विचारलं.

"अंडी आहेत."

"उठा. तवा ठेवा. मी फोन ठेवत नाही."

ते उठले. फोन ओट्यावर भिंतीला टेकवून उभा केला. "तवा कुठे असतो?"

"ओट्याखाली, उजव्या हाताला. तेल त्याच्याच वरच्या फळीवर."

तवा होता. तेलही होतं, तळाशी थोडं. गॅस दोनदा फडफडला आणि पेटला. त्यांनी वाटीत अंडी फोडली, एक टरफल आत पडलं ते बोटानं काढलं. ती ऐकत होती. कितीतरी दिवसांनी फोनवर दोघं एकत्र होती आणि बोलायची घाई नव्हती.

"मीठ?"

"वरच्या फळीवर, मागे. निळ्या झाकणाचा डबा."

दोन वर्षांपूर्वी सोडलेलं स्वयंपाकघर तिला दुसऱ्या देशातून डोळे मिटून दिसत होतं. डबा तिनं सांगितला तिथंच होता. झाकण घट्ट बसलेलं, जोर लावून काढावं लागलं. जाताना तिनं तो भरून ठेवला होता, अगदी काठोकाठ. त्यांनी चमचा घातला. चमचा आत जाईना. त्यांनी तो उलटा धरला आणि दांड्यानं ठोकायला सुरुवात केली.

"कसला आवाज येतोय?"

"मिठाचा."

"मिठाचा कसला आवाज?"

"दगड झालाय त्याचा. चमचा जात नाही."

पलीकडून काहीच आलं नाही. फोन कटला की काय म्हणून त्यांनी तो उचलून कानाला लावला. कटला नव्हता. तिचा श्वास ऐकू येत होता. डबा आपण कधी भरला आणि आज तो कसा आहे, याचा हिशेब तिनं मांडला होता. त्यासाठी तिला कुठल्याही यंत्राची गरज नव्हती.

"हळू ठोका," बऱ्याच वेळानं ती म्हणाली. "डबा फुटेल."